ओल्या दगडावर चढायचं नाही

सुट्टीवर निघताना माणूस उत्साहात असतो म्हणतात. एर्लांगेनच्या स्टेशनवर शनिवारी पहाटे उभी होते तेव्हा मला फक्त झोपायचं होतं. ऑफिसात आमच्या स्कॅनरच्या सॉफ्टवेअरचं रिलीज पुढे ढकलत ढकलत एकदाचं कसंबसं बाहेर पडलं होतं. कित्येक शनिवार-रविवार त्यात कधी गेले ते कळलंही नव्हतं. आणि आता हाती लागलेल्या पहिल्या मोकळ्या शनिवारी मी पाठीवर भलीमोठी सॅक, सॅकवर दोर आणि शेजारी सासरे अशा थाटात जर्मनीच्या पार पूर्वेच्या टोकाला निघाले होते. २००७चा सप्टेंबर. हवामानखातं म्हणत होतं, थोडे ढग असतील.

बाबा, म्हणजे माझे सासरे, सहासष्ट वर्षांचे. नाशिकला पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदाच ते तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते. तरुणपणी सह्याद्रीतल्या सुळक्यांवर चढायचं त्यांना वेड होतं. तेव्हा कसली साधनं? लोहाराकडून ठोकून आणलेल्या मेखा, कमरेला बांधलेला दोर आणि अनवाणी पाय. बाकीचे चढाईआधी नारळ फोडायचे तेव्हा बाबा बाजूला उभे राहून त्रिशरण म्हणायचे. हे सगळं मला त्यांच्या मित्रांकडून कळलं, कारण बाबा स्वतःबद्दल फार बोलत नाहीत.

मी स्वतः लग्नाआधी दोराला हातही लावलेला नव्हता. इथे आल्यावर ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या नादानं जवळच्या टेकड्यांमध्ये चढायला शिकले. मिलिंद, माझा नवरा, मात्र या वाटेला कधीच गेला नाही. त्याच्या लहानपणीचे रविवार खिडकीत बसून वाट बघण्यात गेले. एका रविवारी बाबा प्लास्टरमधला पाय घेऊन घरी आले. तेव्हापासून चढाईचा विषय निघाला की मिलिंद उठून दुसऱ्या खोलीत जातो.

तर माझ्याकडच्या एका मासिकात बाबांनी एक फोटो पाहिला. सॅक्सनीतला, एल्बे नदीकाठचा वालुकाश्माचा सुळका. त्यातल्या उभ्या भेगेत एक माणूस अनवाणी पायांनी चढत होता. तिथला दगड मऊ म्हणून भेगेत लोखंडी साधनं वापरायची नाहीत, हाताला खडूची पूड लावायची नाही, असा तिथला जुना नियम आहे. आधारासाठी दोरीला गाठी मारायच्या आणि त्या गाठी भेगेत घट्ट बसवायच्या. दोन ठिकाणी दगडात कायमचं ठोकलेलं लोखंडी कडं असलं तर नशीब. बाबा त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिले.

"हे आमच्यासारखंच आहे की गं," ते म्हणाले. मग दोन दिवसांनी चहा घेताना म्हणाले, "प्रज्ञा, तिथं एकदा नेशील? एक भेग चढायची. पुढे मी जाईन."

ज्यांना चढाई माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मागून चढणाऱ्याला वरून दोर असतो, तो निसटला तर जागीच लटकतो. पुढे जाणारा निसटला तर शेवटच्या आधारापर्यंत आणि तेवढंच आणखी खाली पडतो. सारा फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

मिलिंदला सांगितलं तेव्हा तो भांडी पुसत होता. "ने त्यांना. त्यांना आवडेल," तो म्हणाला. "पण पुढे जाऊ देऊ नकोस. मला शब्द दे." मी शब्द दिला. बाबांना म्हटलं, बघू तिथे गेल्यावर. सासऱ्यांना तोंडावर नाही म्हणायची सवय मला नव्हती, आणि नवऱ्याशी वाद घालायचं त्राण नव्हतं. दोघांनाही होकार देऊन मी मोकळी झाले, आणि गाडीत बसल्या बसल्या मला त्याचं ओझं वाटायला लागलं.

जाणाऱ्यांसाठी प्रवासाची माहिती. शनिवार-रविवारचं स्वस्त तिकीट काढलं तर मंदगतीच्या सगळ्या गाड्या चालतात आणि दोघांचं काम एकाच तिकिटात होतं. पण वेळ हाताशी ठेवा. न्युर्नबर्गला एक गाडी बदलायची, ड्रेस्डेनला दुसरी, आणि मग नदीकाठानं जाणारी लोकल श्मिल्का नावाच्या थांब्यावर सोडते. गाव पलीकडच्या काठावर, चेक सीमेला खेटून. होडी ये-जा करत असते. मी न्युर्नबर्ग ते ड्रेस्डेन जवळपास सगळा वेळ तोंड उघडं टाकून झोपले. बाबा खिडकीतून धरणं शोधत होते. एक दिसलं तेव्हा त्यांनी मला उठवलं, आणि मी डोळे उघडेपर्यंत ते मागे गेलं होतं.

होडीतून उतरून गावातून वर जंगलात शिरलो. इथे मुक्कामाची एक खास पद्धत आहे. चढाई करणाऱ्यांना कपारीखाली उघड्यावर झोपता येतं, त्याला इथले लोक 'बोफे' म्हणतात. पण नॅशनल पार्क असल्यामुळे वाटेल तिथे नाही. ठरवून दिलेल्या कपारी आहेत, तिथे पाटी असते, आणि तिथेच झोपायचं. तंबू नाही, फांद्या तोडायच्या नाहीत, विस्तव तर मुळीच नाही. कचरा सगळा परत न्यायचा, संत्र्याची सालंसुद्धा. पाणी खालून गावातून भरून न्या, वर भरवसा नाही. मी स्टोव्हही घेतला नव्हता. थर्मासमध्ये चहा, चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि उकडलेली अंडी, एवढ्यावर रात्र काढायची होती.

कपारीत आधीच एक बाई होती. पन्नाशीची, आखूड केस, ड्रेस्डेनची. हाइके नाव. तिच्या सॅकला गाठी मारलेल्या दोऱ्यांचा घोस लटकत होता, बोटाएवढ्या जाड ते सुतळीएवढ्या बारीक. बाबांना जर्मन येत नाही, हाइकेला इंग्रजी येत नाही, आणि मधे मी. दिवसभराच्या शिणानंतर दुभाषेपण म्हणजे शिक्षाच. पण त्या दोघांना माझी फारशी गरज पडली नाही. बाबांनी एक दोरी उचलली, तिच्यावर एक गाठ मारली आणि कपारीतल्याच एका फटीत बसवून ओढून दाखवली. हाइकेनं ती सोडवून जरा वेगळी मारली. बाबांनी मान डोलावली. मग तिचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं, चपला काढून ठेवलेल्या, टाचा फाटलेल्या, अंगठा बाहेर वळलेला.

"चढतातही असेच?" तिनं मला विचारलं.

"हो, अनवाणी."

"आख सो! माझे वडील असेच चढायचे," ती म्हणाली, आणि त्यानंतर तिनं बाबांना आपल्या डब्यातली सगळी बिस्किटं संपवायला लावली.

पहाटे मला जाग आली ती तिच्या ओरडण्यानं. "नाइन! नाइन! काइन फॉयर!" नाही, विस्तव नाही! उठून बघते तर बाबा कपारीच्या कडेला मांडी घालून बसलेले. समोर दगडावर बुद्धाचा छोटा फोटो, एक मेणबत्ती पेटलेली आणि उदबत्तीचा धूर वर चाललेला. बाबांची सकाळची वंदना कधी चुकत नाही. त्यांच्या डोक्यात विस्तव म्हणजे शेकोटी, चूल. मेणबत्ती-उदबत्तीला कोण विस्तव म्हणेल? खाली पाइनच्या सुईसारख्या पानांचा हातभर थर. एक ठिणगी पुरली असती.

बाबांनी दोन्ही एकदम बोटांनीच विझवलं. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं. नियम वाचले होते मी, भाषांतर करून सांगायचं काम माझं होतं आणि मी झोपेत ते अर्धवट सांगितलं होतं. हाइकेला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं, फोटो ठेवू दे. फोटो जळत नाही." बाबांनी उरलेली वंदना हात जोडून, हळू आवाजात पूर्ण केली. ती संपेपर्यंत हाइके आपलं सामान आवरायची थांबली होती.

आणि मग पाऊस सुरू झाला. थोडे ढग म्हणणाऱ्या हवामानखात्याला मी मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. दुपारपर्यंत तो कोसळत राहिला. हाइकेला सोमवारी काम होतं, ती परत निघाली. जाताना तिनं तो दोऱ्यांचा घोस बाबांच्या हातात दिला, पोस्टानं पाठवा म्हणाली, आणि पत्ता एका बिस्किटाच्या कागदावर लिहून दिला. मला बाजूला घेऊन मात्र बजावलं, "दगड ओला असला तर चढू नका. मऊ होतो. धरलेला भाग हातात येतो, गाठ बसवलेली जागा फुटते. आणि दगडही कायमचा खराब होतो. बाहेरून कोरडा दिसतो, त्याला फसू नका."

आम्ही भिजून गावात उतरलो. एका पेन्शनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, माडीवरची खोली मिळाली. सोमवारची रजा मी आधीच घेतली होती, सोमवारी संध्याकाळी परतायचं ठरलं होतं. मालकीणबाईंनी बटाट्याचं सूप दिलं. गरम होतं एवढंच त्याचं कौतुक. हीटरवर मोजे वाळत घातले, आणि त्यांच्या वासात मी दुपारी चार वाजता झोपले ती सकाळीच उठले. बाबांनी रात्री कधीतरी माझ्या अंगावर त्यांची शाल घातली होती.

सोमवारी स्वच्छ ऊन. वर गेलो. आम्हाला हवी होती ती भेग एका सुट्या सुळक्याच्या दक्षिण अंगावर, सोपी, हाइकेनंच सुचवलेली. खालून वर सरळ, मूठ जाईल एवढी रुंद, मधे एक कडं. दगड पिवळसर, कोरडा ठक्क. बाबांनी चपला काढल्या, दोऱ्यांचा घोस गळ्यात अडकवला आणि भेगेत हात घालून मूठ वळवली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला ते पाहुणे वाटले नाहीत.

मी पायथ्याच्या वाळूत बोटं खुपसली. वरची वाळू कोरडी होती. दोन पेरं खाली गेल्यावर ती गार आणि ओली लागली.

"बाबा, ओलं आहे."

"कुठं गं? ऊन पडलंय. तासाभरात दगड वाळतो."

"आपला वाळतो. तो काळा कातळ. हा वेगळा आहे. आत पाणी धरतो."

"मी हात लावून बघितलंय. कोरडा आहे."

"वरून कोरडा आहे."

बाबा माझ्याकडे वळले. आवाज चढला नाही त्यांचा, कधीच चढत नाही. "मिलिंदनं सांगितलंय ना तुला? मला पुढे जाऊ देऊ नको म्हणून?"

माझ्याकडे तेव्हा खोटं बोलायची पुरेशी ताकद नव्हती. "हो, सांगितलंय. मी शब्द दिलाय त्याला."

"मग तेच सांग की. दगडावर कशाला घालतेस?"

त्यांना काय वाटत असेल ते मला दिसत होतं. म्हातारा झाला, झेपणार नाही, पण तोंडावर सांगवत नाही म्हणून सून वाळू उकरतेय. मी खरं तेच बोलत होते आणि ते नेमकं सबबीसारखं ऐकू येत होतं. मला रडू आलं, आणि रडायचाही कंटाळा आला होता.

"बाबा, शब्द दिला हे खरं. दगड ओला आहे हेही खरं. आज मी दोर धरणार नाही," मी म्हटलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यांना नाही म्हणायची ही पहिली वेळ.

त्यांनी गळ्यातून दोऱ्या काढल्या, नीट गुंडाळून सॅकेत ठेवल्या आणि चपला घातल्या. उतरताना अर्धा रस्ता ते माझ्या पुढे चालत होते. एका वळणावर ते थांबले, मला वाटलं माझ्यासाठी. ते बुटात गेलेला खडा काढायला थांबलेल्या एका जर्मन आजोबांना हात देत होते. मला मात्र त्यांनी हाक मारली नाही.

वाटेत मी ठरवलं. खरं म्हणजे ठरवलं असं म्हणणं जास्त होईल. परतीच्या गाडीत त्यांच्यासमोर सात तास गप्प बसून राहायचं, आणि ते महिनाभरानं नाशिकला जाणार ते हेच मनात घेऊन, हे मला सोसणार नव्हतं. पेन्शनमधून ऑफिसला फोन लावला. मंगळवारी सकाळी रिलीजनंतरची मोठी मीटिंग होती आणि त्यात माझंच सादरीकरण.

"मी उद्या येऊ शकत नाही," मी साहेबांना म्हटलं.

"आजारी आहात?"

"नाही. दगड ओला आहे."

ते म्हणाले, "फ्राऊ कांबळे, हे मला समजलं नाही." मी म्हटलं मला उर्लाउबचा, म्हणजे रजेचा, आणखी एक दिवस हवाय, कारण खासगी आहे. त्यांनी दिला. फोन ठेवताना त्यांचा "गेनाऊ", म्हणजे "बरोबर", नेहमीपेक्षा बराच थंड होता.

मग मिलिंदला फोन. पाऊस होता, एक दिवस जास्त राहतोय, असं सांगितलं. तो लगेच म्हणाला, "बाबा पुढे जाणार नाहीत ना?" मी म्हटलं, "सध्या कोणीच चढत नाहीये." शब्दशः खरं होतं ते. फोन ठेवल्यावर मी जिन्यात बसून राहिले.

बाबांनी हे सगळं वरून ऐकलं होतं. जर्मन कळलं नसेल, पण मिलिंदशी बोललेलं कळलं असणार. रात्रीच्या जेवणाला, परत तेच बटाट्याचं सूप, ते म्हणाले, "उद्याही नाही वाळलं तर?"

"तर परवा."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. झोप तरी मिळेल."

ते हसले. नुसतं ओठांनी नाही, खांदे हलवून हसले. मग चमचा बाजूला ठेवून म्हणाले, "मातीच्या धरणाचं असंच असतं. वरचा पदर वाळला म्हणून काही नाही. आत पाणी कुठवर चढलंय ते बघावं लागतं. सगळी हयात त्यात गेली माझी. तू वाळूत बोटं घातलीस तेव्हाच मला कळलं होतं गं."

"मग?"

"मग काय. हट्ट." त्यांनी सूप संपवलं. "तिथं उभा होतो ना, तर वाटलं, आज नाही तर मग कधी नाहीच."

मंगळवारी वारा सुटला होता. दुपारपर्यंत थांबलो. वीतभर खोल उकरलं तरी वाळू बोटांतून सुटी निसटत होती. बाबांनी स्वतः उकरून पाहिली, मग मला पाहायला लावली. त्यांनी दोराचं टोक हातात घेतलं आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मी त्यांच्या कमरेच्या पट्ट्यावरची गाठ तपासली आणि दोर धरला. मिलिंदला दिलेला शब्द मी तिथे मोडला. मोडताना मला फार काही थोर वाटलं नाही.

ते चढायला लागले. तरुण माणसासारखे नाही. हात भेगेत खोल घालायचा, मूठ वळवायची, मग पाय तिरका आत घालून सरळ करायचा. मग थांबायचं. प्रत्येक थांब्यावर त्यांचा श्वास मला खाली ऐकू येत होता. पहिली गाठ त्यांनी बसवली, ओढून पाहिली, पुन्हा ओढली. दुसरीला बराच वेळ लागला, एक दोरी जाड पडली, ती दातात धरून दुसरी शोधली. मधल्या लोखंडी कड्याच्या जरा खाली ते थांबले ते थांबलेच.

मला त्यांच्या टाचा दिसत होत्या. डावी टाच थरथरत होती. शेवटची गाठ त्यांच्या गुडघ्यांच्याही खाली राहिली होती. खालून काही सुचवावं असं वाटलं, आणि मी ओठ मिटून घेतले. दोर धरणाऱ्यानं अशा वेळी फक्त दोर धरायचा असतो. मिलिंद तेव्हा ऑफिसात असेल, कॉफी पीत असेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात येत होतं. वरून बारीक आवाज आला, बुद्धं सरणं गच्छामि. मग उजवा हात वर गेला, भेगेत शिरला, आणि ते कड्यापर्यंत पोचले. दोर कड्यात अडकवल्याचा आवाज आल्यावर मी त्यांना पुढचा दोर सोडला.

त्याच्यावरचा भाग सोपा होता. तरी वर पोचायला त्यांना खूप वेळ लागला. "ये आता," ते ओरडले. मी मागून चढले, वरून दोर असल्यानं बिनधोक, तरी दोनदा हात सोलले. त्यांच्या गाठी काढणं हेच माझं काम होतं, आणि दुसरी गाठ इतकी पक्की बसली होती की ती सोडवता सोडवता माझे दंड भरून आले. मागे ठेवून जाणं शक्य नव्हतं. एक तर दोऱ्या हाइकेच्या, आणि इथे काही मागे ठेवायचं नसतं.

माथ्यावर बाबा पाय पसरून बसले होते. खाली जंगल, त्यापलीकडे नदीचा पट्टा आणि त्यावर एक संथ चाललेली मालवाहू बोट. मला वाटलं काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "भूक लागली." चपाती वातड झाली होती. आम्ही ती चटणीबरोबर खाल्ली. मग इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांच्याशी हात मिळवायला गेले, तर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. "तू थांबलीस," ते म्हणाले. एवढंच. मला वाटतं आयुष्यात कोणी माझ्या कामाची दिलेली ही सगळ्यात चांगली पावती होती, आणि मी काम म्हणून काय केलं तर एक दिवस काहीही केलं नाही.

दोरावरून उतरलो, सगळं आवरलं, पायथ्याची उकरलेली वाळू बाबांनी पायानं सारखी केली. परतीला शनिवार-रविवारचं तिकीट चालत नाही, तेव्हा पूर्ण भाडं पडतं, हे लक्षात ठेवा. गाडीत आम्ही दोघंही झोपलो. बुधवारी सकाळी ऑफिसात मला जे ऐकावं लागलं ते लागलंच, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

ब्लॉगवर लोक विचारतात, जावं का? जा. पण कोरड्या हवेत जा, आणि परतीचा दिवस मोकळा ठेवा. कपारीत झोपलात तर सकाळी तिथे कोणी झोपलं होतं हे कळता कामा नये. आणि सोबत कोणी वडीलधारं असेल तर नियम रात्रीच, जागेपणी, पूर्ण सांगा.

राहिलं ते घरचं. मंगळवारी मध्यरात्रीच्या सुमारास पोचलो तेव्हा मिलिंदनं खिचडी करून ठेवली होती. तिघं टेबलाशी बसलो. त्यानं गाडी वेळेवर होती का विचारलं, पाऊस किती होता विचारलं. मग ताटाकडे बघत विचारलं, "पुढे कोण होतं?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "ही होती. मी आपला मागनं. वरून दोर होता, काही कष्टच पडले नाहीत."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खिचडीवर तूप घेत होते. इतक्या वर्षांनी मिळालेली ती एक चढाई त्यांनी, मला बोल लागू नये म्हणून, वाढून द्यावी तशी मला देऊन टाकली. मी इतकी थकले होते की ते तसंच राहू देणं फार सोपं होतं. मिलिंदच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसतही होतं.

"नाही," मी म्हटलं. "बाबा पुढे होते. सगळ्या गाठी त्यांनी बसवल्या. मी तुझा शब्द मोडला मिलिंद."

मिलिंद उठेल आणि दुसऱ्या खोलीत जाईल अशी मी वाट बघत होते. तो उठला नाही. त्यानं बाबांचा डावा हात ताटाजवळून उचलला आणि दिव्याखाली धरला. हाताच्या पाठीवरची कातडी भेगेत घासून सोलली होती, बोटांच्या सांध्यांवर रक्त सुकलं होतं. तो ते बराच वेळ बघत राहिला.

"भीती वाटली?" त्यानं विचारलं.

बाबांनी हात काढून घेतला नाही. "वाटली ना. नेहमीच वाटायची."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू लहान होतास," बाबा म्हणाले. "आणि तू खिडकीत बसलेला असायचास, ते घरून निघाल्यापासून डोळ्यांपुढे असायचं. त्याचीच वाटायची."